देव्हाऱ्यातील पाहुणा

शाळेची गाडी वस्तीच्या तोंडाशी थांबली आणि तीतून सिस्टर रोझलीन उतरल्या. त्यांना पाहताच अंकिता दाराकडे सरकली. दौंडच्या मिशनच्या शाळेची मुख्याध्यापिका भांडगावच्या माळावर आजवर कधीही आलेली नव्हती. आपले नाव शाळेतून कमी करण्यासाठीच त्या आल्या आहेत, याविषयी तिच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

"सकाळी फादरांनी हातावर दिलेली ती पांढरी चकती तू खाल्ली नाहीस," सिस्टर म्हणाल्या. "रुमालात बांधलीस. तुझ्या वर्गातल्या स्वप्नालीने पाहिले. कुठे आहे ती?"

अंकिताने घराकडे पाहिले.

त्या दिवशी शाळेत सणाची मिस्सा, म्हणजेच ख्रिस्ती मंडळींची उपासना, झाली होती. प्रसादाच्या वेळी ख्रिस्ती मुलींनीच पुढे जायचे व इतरांनी बाकावर बसून राहायचे, असा तेथील नियम. आठवीत नव्यानेच आलेल्या अंकिताला तो ठाऊक नव्हता. शेजारची उठली म्हणून ती उठली. पुढची "आमेन" म्हणाली म्हणून तीही म्हणाली. फादर पाहुणे होते. त्यांनी तिला ओळखले नाही. तळहातावर कागदासारखी पातळ चकती पडली. बाकीच्या मुलींनी ती तिथल्या तिथे तोंडात टाकली, याचे अंकिताला मोठे नवल वाटले. घरी एवढी माणसे असताना देवाचा प्रसाद एकटीने कसा खावा? तिने तो जपून घरी आणला.

"उष्टा झाल्याला न्हाई, बाई," दारातून तिची आजी भामाबाई म्हणाली. सारा जन्म मेंढरांमागे चालून तिचे पाय वाकडे झाले होते. "देव्हाऱ्यात ठिवलाय. हिचा बा मल्हारी कंपनीतनं आला म्हंजी समद्यांना वाटायचा. आमच्यात परसाद एकट्यानं खात न्हाईत."

सिस्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ती चकती म्हणजे साक्षात प्रभू ख्रिस्ताचे शरीर होते. ते असे कोठेही ठेवता येत नाही, टाकता येत नाही, की वाटून खाता येत नाही. ते परत नेण्यासाठी त्यांनी पिशवीत एक सोनेरी डबी आणली होती.

एव्हाना अंगणात माणसे गोळा झाली होती. सर्वांच्या पुढे शेजारचे सोपानराव. त्यांनी मोबाईल छातीसमोर उभा धरला होता.

"काय ओ बाई, शाळेत पोरींना काय चारता?" ते म्हणाले. "आज परसाद, उद्या गळ्यात क्रूस. मल्हारीला सांगतो मी, बास झाली ही शाळा. पोरगी घरी बसव."

"आप्पा, मीच घेतला," अंकिता सोपानरावांना कशीबशी म्हणाली. "त्यांनी न्हाई दिला."

"तू गप. थोरली माणसं बोलत्यात."

आता तिच्या भयाला दोन तोंडे फुटली. सिस्टरांनी नाव कमी केले तरी शाळा गेली, आणि सोपानरावांनी आपले म्हणणे वडिलांच्या गळी उतरवले तरीही शाळा गेली. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

सिस्टरांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. "मावशी, आत येऊ का?" त्यांनी विचारले. भामाबाईने पदर सावरीत वाट दिली. मंडळी मागोमाग दारात दाटली.

देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक होता. त्याच्या पायाशी पितळी ताटलीत ती चकती ठेवलेली होती. भामाबाईने भक्तिभावाने तिच्यावरही भंडारा उधळला होता. ती हळदीने पिवळी झाली होती. सिस्टरांनी डबी उघडली व हात पुढे केला.

"हां, बाई," सोपानरावांचा आवाज आला. "देवापुढचं उचलून बाहेर न्यायचं न्हाई. हितं खायाचं आसंल तर खा."

सिस्टरांचा हात अधांतरी थांबला. चकती नेता येत नव्हती, आणि ती तेथेच सोडून जाणेही त्यांना शक्य नव्हते.

मग सिस्टरांनी डबी मिटली. त्या दोन्ही गुडघ्यांवर बसल्या. कपाळ जमिनीला लागेपर्यंत त्या खाली वाकल्या, आणि नंतर दोन्ही हातांनी ती चकती उचलून, भंडाऱ्यासकट, त्यांनी मुखात घेतली. ताटलीतील कणसुद्धा बोटाने टिपून घेतला. त्यांचे डोळे मिटलेले होते.

दारात कोणी हालले नाही. मोबाईलवर फोटो निघाल्याचा तेवढा बारीकसा आवाज झाला.

"येळकोट येळकोट, जय मल्हार," सोपानराव हळूच म्हणाले. त्यांचा स्वर पार बदलला होता. "मी आपला उगाच बोललो, बाई. तुमी तर देवाचा भंडारा घेतला. भामाकाकी, बाईंला च्या ठिवा की. आन् पोरगी जाऊ द्या शाळेला, जाऊ द्या."

माणसे समाधानाने पांगली. वास्तविक सिस्टर कोणापुढे वाकल्या, हे त्या घरात केवळ अंकिताने ओळखले होते. सकाळी मिस्सेतही त्या अशाच वाकल्या होत्या, आणि तेथे खंडोबा नव्हता.

गाडीपर्यंत ती त्यांच्याबरोबर गेली. सारे धैर्य एकवटून तिने विचारले, "सिस्टर, मला काढणार का?"

"नाही. सोमवारी वेळेवर ये."

एवढे बोलूनही त्या गाडीत चढल्या नाहीत. त्यांच्या ओठांवर पिवळेपणा तसाच होता. सोपानराव दूर बांधावर चौघांना मोबाईल दाखवीत होते. सिस्टरांनी तिकडे पाहिले आणि अंकिताचा हात धरला.

"तो फोटो आमच्या वरिष्ठांपर्यंत पोहोचला," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तर मी कोणापुढे गुडघे टेकले ते सांगायला तू माझ्याबरोबर येशील ना, अंकिता?"