घुमटातली पणती

शर्वरीनं सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. “विषाणूंची डोकी रिकामीच तयार होताहेत, शेपट्या जुळतच नाहीयेत. औषध लागू पडलं, मेधाताई!”

टाकीतलं निळं-हिरवं शैवाल विषाणूंच्या तावडीतून वाचलं होतं, म्हणजे मंगळावरच्या त्यांच्या वस्तीचा प्राणवायूही.

वस्तीप्रमुख मेधाताई हळूच म्हणाल्या, “मग आता नानांचा दिवा लाव. आजपासून ज्योतीला बंदी नाही.”

सगळ्यांना हवा पुरेना, तेव्हा शर्वरीचे वडील, नाना, परवा आपणहून घुमटाबाहेर निघून गेले होते. त्यांच्यासाठी खाटेपाशी ठेवलेली पणती न पेटवता तशीच होती.

दोघी खोलीवर आल्या. शर्वरीनं वात पेटवली, क्षणभर ज्योतीकडे पाहिलं आणि चिमटीत धरून मालवली.

“अगं, असा मालवतात का दिवा?”

“ही नानांच्या वाट्याची हवा आहे, ताई. मला नाही जाळवत.”