वरातीतला ढोल

डब्यावर चमचा टणकन वाजला आणि दुपारचं निजलेलं घर दचकलं. टीव्हीवरच्या रॉक बँडचा ड्रमर बघून गार्गीही डबे बडवत होती. स्नेहलता लेकीला रागावली नाही. पडद्यावरचा तो ड्रमर स्नेहलताचा धाकटा भाऊ होता, मधू.

तिच्या लग्नाच्या वरातीत, झाशीच्या मानिक चौकात, मधूने हौसेने बँडवाल्याचा ढोल गळ्यात अडकवला होता. नवऱ्याच्या साहेबांच्या बायकोने विचारलं, "बहू, ये कौन है?"

"बँडवालों में से होगा कोई," ती म्हणाली होती. मधूने ते ऐकलं. नंतर तो तिच्या घरी कधी आलाच नाही.

"पहिल्यांदा लोकांपुढे कुठे वाजवलंत?" टीव्हीवर मुलाखत घेणाऱ्याने मधूला विचारलं.

"झाशीत. ताईच्या वरातीत. तिच्यासाठी."

गार्गीचा चमचा थांबला. "मम्मी, आपल्या झाशीत? कोण गं ती ताई?"