नजरेचे गुण

होऊ घातलेल्या शिक्षकांना संवादकौशल्य शिकवणारे सर तिच्या सराव पाठाला मागच्या बाकावर टेकले, ते फोनमध्ये मुंडी खुपसूनच. मुलं खिदळली, प्रश्न विचारून त्यांनी तिला भंडावून सोडलं, एक चिमुरडी तर उठून थेट फळ्यापाशी आली. सरांची मान काही वर झाली नाही.

घंटा झाली आणि सरांनी गुण सांगितले. नजरभेट, शून्य.

"पण सर, तुम्ही पाहिलंत कुठे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"अगं, तेच म्हणतोय मी! माझी मान तुला वर करता आली नाही, तू मुलांना काय डोंबल खिळवणार? पुढच्या पाठांना सुधार, नाहीतर वर्ष गेलं म्हणून समज."

चडफडत ती बाहेर आली आणि तिने फोन उघडला. ऐन तिचा पाठ चालू असताना सरांनी शिकाऊ शिक्षकांच्या ग्रुपवर सुविचार टाकला होता : 'खरा शिक्षक समोरच्याच्या नजरेत पाहून ऐकतो.' खाली साऱ्या वर्गाच्या जोडलेल्या हातांची रांग लागली होती.

पुढचे पाठही सरच तपासणार होते.



तिनेही हात जोडले.