वळसा

केर काढणारा रोबो खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी आला की थबकायचा आणि वळसा घालून पुढे जायचा. दोन पावलांएवढी धूळ तेवढी फरशीवर तशीच राहायची.

“वॉरंटी संपली,” म्हणून कंपनीने हात झटकले. पण बाई कसल्या ऐकतात!

“मुदत संपली म्हणजे सगळंच संपलं का? चांगली वस्तू पुढेही चालायला हवी. ग्राहक मंचाकडे जाईन!”

तेव्हा कुठे दुरुस्तीवाला नवा सेन्सर घेऊन आला, तोही फुकट. सेन्सर बसवला. रोबो गुणगुणत घरभर फिरला आणि खुर्चीपाशी येऊन पुन्हा थबकला.

दुरुस्तीवाल्याने खुर्चीखाली हात फिरवला. “इथे तर काहीच नाही. मावशी, या खुर्चीत कोण बसतं?”

“आमचे हे गेल्यापासून कोणीच नाही.”

त्याने हात चटकन मागे घेतला. “मी... नवीन रोबोच पाठवायला सांगतो. तुमचा हक्कच आहे तो.”

बाई खुर्चीकडे बघत राहिल्या. मग पदर खोचून, जुन्याच लटक्या रागाने म्हणाल्या, “अहो, किती वेळा सांगायचं? केर काढताना पाय वर घ्यावेत!”

रोबो गुणगुणत सरळ खुर्चीखाली शिरला.