हसरा दाबा

सुगंधाबाईंनी कॅन काठोकाठ भरली, एक घोट पिऊन पाहिला, "अमृत आहे बापा" म्हणाल्या आणि मशीनवरचा सगळ्यांत रडका चेहरा दाबला.

अश्विन कडुनिंबाआडून हे बघत होता. त्याला धक्का बसला नाही, कारण सकाळपासून रडका दाबणाऱ्या त्या एकविसाव्या. तो कंपनीचा मेकॅनिक, मूळचा राजुऱ्याचा. पिंपळझरीचं हे शुद्ध पाण्याचं मशीन त्यानंच बसवलं होतं. फिल्टर नवा, पाणी काचेसारखं. तरी पुण्याच्या ऑफिसात पिंपळझरीला पाचपैकी सव्वा गुण पडत होते. महिनाअखेर तीनच्या वर गेले नाहीत तर मशीन उचलून आणा, असा हुकूम होता. मग गावाच्या नशिबी पुन्हा जुन्या बोअरचं, दात पिवळे करणारं पाणी.

मशीन दिसायला देखणं होतं. कार्ड टेकवलं की पाणी सुटे आणि पडद्यावर पाच चेहरे उगवत, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. प्रश्न आपुलकीचा हवा असं पुण्यात मीटिंगमध्ये ठरलं होतं, म्हणून वर लिहिलं होतं, 'कसे आहात?' पाणी आलं का, किती आलं, हे मशीनला कळत नसे. कोणता चेहरा दाबला, एवढं मात्र ते क्षणात पुण्याला कळवे.

अश्विन पुढे झाला. "बाई, पाणी चांगलं आहे ना?"

"म्हटलं ना, अमृत."

"मंग रडका काऊन दाबला?"

"त्यानं विचारलं, कसे आहात. माहा गुडघा आठ दिवसांपासून ठणकून राह्यला. त्याले खोटं सांगू का?"

मागे उभा असलेला दसरू म्हणाला, "माह्या धानात रानडुकरं लोळून गेले. मी काय दात काढू?" रांगेतल्या अंजनाबाईंची सून माहेरी रुसून बसली होती. एकंदरीत पाण्याविषयी गावाची काहीच तक्रार नव्हती.

प्रश्न बदलायचा तर पुण्याला अर्ज, मग समिती, मग पुढचं वर्ष. अश्विननं तिथंच सभा घेतली. "हे चेहरे तुमचे नाई, मशीनचे आहेत. रडका दाबला तं मशीन जाईन. ठेवायचं असंन तं हसरा दाबा."

"मंग गुडघ्याचं कोणाले सांगू?" सुगंधाबाईंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. अश्विननं मार्कर काढला आणि मशीनच्या अंगावर आपला मोबाइल नंबर लिहिला. "दुखलंखुपलं मले सांगा."

गाव शब्दाचं पक्कं निघालं. महिनाअखेर गुण चार झाले, पुढच्या महिन्यात पाच. पुरे गुण मिळवणाऱ्या मशीनवर मेकॅनिकनं वेळ घालवू नये असा नियम होता, त्यामुळे अश्विन पुन्हा तिकडे फिरकला नाही. फोन मात्र रोज येत. सकाळी चहाबरोबर गुडघ्याची खबर, दुपारी रानडुकरांची. अंजनाबाईंची सून परतल्याचं त्याला तिच्या सासऱ्याच्या आधी कळलं.

दिवाळीनंतर पुण्याहून मेल आला. पिंपळझरी जिल्ह्यात पहिलं. सलग तीस दिवस पाचपैकी पाच. मशीनचा फोटो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर, आणि अश्विनला बढती.

त्यानं आधी सुगंधाबाईंना फोन लावला. "गुडघा कसा आहे, बाई?"

"आता बरा आहे बापू. रोज मशीनपर्यंत चालणं होते ना."

"आन् पाणी?"

"ते तं दसऱ्यापासून बंद आहे."

अश्विननं चहा खाली ठेवला. "मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तं त्यायनं मशीन नेलं असतं ना! तू घोर नको करू. आमी सारे रोज सकाळी लाइन लावून हसरा दाबून येतो."