सापडत नसलेला चष्मा

पक्षाघातानंतर सावळाराम मिस्त्रींची वाचा गेली होती. वाचन किती उरलंय ते पाहायला त्यांच्या डोक्याला पट्टा बांधला होता. वाचलेल्या शब्दाचं चित्र मनात उमटलं, की ते समोरच्या पडद्यावर दिसायचं. शब्द लिहिलेली दहा कार्डं दाखवून झाली, पडदा कोराच.

"आजी, हे आजारामुळे नाही," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "वाचनाची वाट मेंदूत कधी तयारच झालेली नाही. आजोबांना आधीही वाचता येत नव्हतं."

मिस्त्रींनी मान खाली घातली.

गजराबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. चाळीस वर्षं हा माणूस सकाळी पेपर उघडून म्हणायचा, "चष्मा सापडेना गं, तूच वाच." चष्मा त्याच्या खिशातच असायचा. आळशी म्हणून त्यांनी किती तोंडसुख घेतलं होतं!

त्यांनी एक कार्ड उचललं आणि मोठ्याने वाचलं, "विहीर."

पडदा उजळला. रहाट, ओली पायरी, आणि कमरेवर कळशी घेतलेली एक हसरी पोर. तिच्या अंगावरचं आपलं लग्नातलं हिरवं लुगडं गजराबाईंनी लगेच ओळखलं.

त्यांनी खुर्ची नवऱ्याजवळ ओढली.

"अहो, आता चष्मा शोधत बसू नका," त्या म्हणाल्या. "पुढचा शब्द वाचते."