दहा मोजेपर्यंत

दर्शना हळदीनं माखलेली चादर दोन्ही हातांनी ताणून उभी होती, आणि उज्वलाकाकी मनात सहापर्यंत आली होती.

"काकी, सांगा ना. साबणात टाकू का सोड्यात?"

सात. पदराखाली काकीचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकला. उत्तर जिभेवर येऊन बसलं होतं. दोन्हीत नको, हळद लाल होते. कळंबच्या रिसॉर्टांच्या चादरी धुणाऱ्या ह्या लॉन्ड्रीत ती बारा वर्षं मुकादम होती. लग्नसराईत दर सोमवारी दर्शना हा प्रश्न विचारायची आणि दर सोमवारी काकी हेच उत्तर द्यायची. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आठ.

"तोंड आलंय का काकी तुमचं?"

तोंड आलं नव्हतं. काकीची लेक हर्षला रसायनीला सासरी होती, दिवस भरत आले होते आणि डॉक्टरनं प्रवासाला सक्त मनाई केली होती. म्हणजे आईनंच तिकडे जायला हवं होतं. मालक रुपेशशेठ रजा देईना. मागच्या वेळी काकी भाचीच्या लग्नाला दोन दिवस गेली, तर लॉन्ड्रीतून एक्केचाळीस फोन आले. अक्षता हातात धरून ती फोनवर रक्ताच्या डागाला गार पाणी सांगत होती. हे ती सगळ्यांना वैतागून सांगायची, पण सांगायची मात्र सगळ्यांना.

"उज्वलाताई, एक आठवडा करून दाखवा," शेठ शेवटी म्हणाला होता. "तुम्ही कोणाला काही सांगायचं नाय. एकही चादर रिसॉर्टवरनं परत आली नाय, तर पंधरा दिवस घ्या. आली, तर रजेचं नाव काढायचं नाय."

त्याच शेठनं महिन्यापूर्वी तिला स्वतःच्या जागी कळंबला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. पैसे भरलेले, जेवण फुकट जाईल म्हणून. तिथे सगळे बूटवाले मॅनेजर. माणसं घडवायची कशी, यावर चष्मेवाली बाई दिवसभर बोलली. काकीला त्यातलं एक कळलं. तुम्ही उत्तर दिलंत की समोरच्याचं डोकं रजेवर जातं, म्हणून आधी मनात दहा मोजा. काकीनं हिशोब केला, लॉन्ड्रीत सात बाया आहेत. सात डोकी बारा वर्षं रजेवर, आणि रजा मिळत नाही ती फक्त आपल्याला.

नऊ. दहा.

"तुला काय वाटतं?" काकीनं विचारलं.

दर्शनानं आधी चादरीकडे पाहिलं, मग काकीकडे, मग मागे कोणी उभं आहे का तेही पाहिलं.

"उन्हात टाकायची," कोपऱ्यातनं आवाज आला. "पयलं साबन नाय. लाल व्हते. पान्यातनं काढायची न् उन्हात टाकायची."

बुधी होती. तीन वर्षांत हजेरी सोडून तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"तुला कसं गं ठाऊक?" दर्शना म्हणाली.

"काकी तुलाच सांगतात ना दर सोमवारी. मी काय बहिरी हाय?"

त्या आठवड्यात काकीनं फार सोसलं. तिनं मौन धरलंय अशी बातमी मंगळवारी पसरली, दुपारी डब्याबरोबर तिच्यासाठी ज्येष्ठमध आला. बुधवारी कोणीतरी लाल रुमाल पांढऱ्या टॉवेलांत टाकले आणि चाळीस टॉवेल गुलाबी झाले. काकी दहावर थांबली नाही, सत्तरपर्यंत गेली. तोवर बायांनी एकमेकींना चार शिव्या घातल्या, टॉवेल ओले असतानाच परत धुवायला टाकले, आणि दर्शनानं रिसॉर्टला स्वतः फोन केला. "दादा, चादरी आज घ्या, टॉवेल उद्या सकाळी. हां, मीच बोलते. काकी नाय."

शनिवारी शेठनं रिसॉर्टांना विचारलं. परत काही आलं नव्हतं. रजेच्या अर्जावर सही करताना त्याचा चेहरा स्वतःचेच टॉवेल गुलाबी झाल्यासारखा पडला होता.

निघताना दर्शनानं काकीचा हात धरला. "काकी, आठवडाभर बघतेय, पदराखाली अंगठा फिरतो. जप करता का?"

काकी नुसती बघत राहिली. पेरांवरचा अंगठा सरकत होता. दर्शनाही तिच्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या तोंडावर हसू आलं.

"बरं," ती म्हणाली. "समजलं."

रसायनीत हर्षलाला मुलगी झाली. पहिला दिवस धावपळीत गेला. दुसऱ्या दिवशी काकीनं फोन दोनदा पुसला. तिसऱ्या दिवशी तो खिडकीत ठेवून पाहिला. चौथ्या दिवशी ती जावयाला म्हणाली, "साईराज, जरा मला फोन लावून बघा बरं."

शेजारीच फोन वाजला. "लागतोय की आई," तो म्हणाला.

पाचव्या दिवशी, सोमवारी, बाळ मांडीवर झोपल्यावर काकीनं लॉन्ड्रीत फोन लावला.

"दर्शना, लग्नाचा माल आला असेल ना गं? मेंदीचे डाग असतील. मी दोन दिवस येऊन जाऊ का?"

पलीकडून उत्तर आलं नाही. फोन तर चालू होता. मशीनची घरघर येत होती, लांबून बुधी कोणावर तरी खेकसत होती.

"अगं, ऐकतेस ना?"

दर्शनाचा श्वास ऐकू येत होता.

काकीनं बाळाकडे पाहिलं. मग तिच्या ध्यानात आलं, आणि तिचा अंगठाही आपोआप पेरांवर सरकायला लागला. सहा. सात. आठ.

"बरं बाई," नवावर काकी म्हणाली. "नाय येत."